धबधब्यातलं बटण

"हॅलो?… हॅलो?… हां, बोल… अगं हो, मीच. दुसरं कोण उचलणार? घरात आहे कोण?… नाही, टोमणा नाही. बोल… काय? धबधब्यावर? आत्ता? आत्ता या क्षणी धबधब्यावर उभी आहेस?"

एवढं विचारून कानसेनांनी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. त्यांचा डावा कान गप्पांसाठी होता आणि उजवा धंद्यासाठी. बायकोचा फोन उजव्या कानावर घ्यायची ही त्यांची एकतीस वर्षांतली पहिलीच वेळ.

कानसेन हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. भिंतीच्या पोटात किंवा फरशीखाली पाण्याची नळी कुठे फुटलीय, ते नुसतं ऐकून सांगायचं, हा त्यांचा धंदा. हत्यार म्हणाल तर एक लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला लाकडी वाटी. सळई भिंतीला, वाटी कानाला, डोळे मिटलेले. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी तळमजल्यावरच्या दंतवैद्याच्या बेसिनचा वॉशर गेलाय असं सांगितलं होतं, आणि दंतवैद्य आत्ता कुणाची दाढ काढतोय तेही सांगितलं होतं. दाढेचं खोटं असेल. वॉशरचं खरं निघालं.

"जरा मोठ्यानं बोल… पाण्याचा आवाज? येतोय की… छान आहे. छान आहे म्हणतोय ना!… अगं ऐक ना, एक काम कर. फोन जरा पाण्याकडे धर… कशाला म्हणजे? एवढ्या लांब गेलीस, मला घरबसल्या ऐकू दे… हो, मीच म्हणालो होतो, त्यात बघायचं काय. आत्ता कुठे बघतोय? ऐकतोय… धर ना."

कानसेनांनी डोळे मिटले.

पाणी पडत होतं, यात वाद नव्हता. पण ते बारीक पडत होतं, शंभर-दीडशे भोकांतून पडावं तसं. पडून झाल्यावर ते दरीबिरीत जात नव्हतं. दोन हात खाली कशावर तरी आपटत होतं, गोल फिरत होतं आणि गुडगुड करत एका जाळीत शिरत होतं. जाळीत केसांचा गुंता होता. तोही त्यांना ऐकू आला.

"हां, ऐकला… मस्त. केवढा उंच म्हणालीस?… वीस मजले! बाप रे. आणि रुंद?… नजर पुरत नाही. अच्छा… नाही गं, संशय कसला? आपलं विचारतोय. वीस मजल्यांवरून पाणी कोसळतं म्हणजे पायाखालची जमीन हादरत असेल नाही?… हादरतेय? मग तुझा आवाज कसा नाही हादरत?… बरं बरं, राहिलं… हो, रेनकोट पाहिला. निळा. फोटोत पाहिला ना, काल आला तो."

काल आलेला तो फोटो कानसेनांनी एकदा चष्म्यानं पाहिला होता, एकदा चष्म्याशिवाय, आणि एकदा बायको सुईत दोरा ओवायला वापरते त्या भिंगानं. आज सकाळपासून त्यांना तिचा फोन यायची घाई झाली होती ती त्यामुळेच.

"अगं ऐक ना, त्या फोटोचंच विचारायचं होतं. मध्ये तू उभी आहेस, बरोबर?… आक्कानं काढलाय, हो, चांगला आलाय. मागे धबधबा. तुझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला, जरा वर, ऐन पाण्यात… एक बटण आहे."

"…"

"बटण. विजेचं. दिवा लावायचं. म्हणजे दोन आहेत, एकाखाली एक…"

"पक्षी? नाही, पक्षी नाहीत. पक्ष्यांना स्क्रू नसतात…"

"संध्याकाळी रंगीत दिवे सोडतात? बरं. आणि त्याचं बटण धबधब्यात बसवलंय?… म्हणजे ज्याला दिवा लावायचाय त्यानं पोहत जायचं?… मी कुठे वाद घालतोय? मी म्हणतोय, तिथल्या वायरमनला एकदा भेटलं पाहिजे."

पलीकडे एकदम पाण्याचा मोठा लोंढा कोसळला. घर्रर्र करून आला आणि गेला.

"हा कसला आवाज?… लाट? धबधब्याला लाट?… वारा आला की येते. बरं. थांब, बोलू नकोस… शू… एक मिनिट."

कानसेन बोटांवर मोजत होते.

"सव्वीस… सत्तावीस… अठ्ठावीस… हां. थांबला. अगं, तुझ्या धबधब्याची टाकी भरली… टाकी. फ्लशची. मघाशी तू फ्लश ओढलास, आवाज मोठा यावा म्हणून. आणि फ्लोट जरा चिकटतोय तिथला. कुणाला तरी सांग, रात्रभर गळत राहील… मी चेष्टा करत नाहीये. शॉवर चालू आहे, टाइल्सवर आवाज घुमतोय, पाणी जातंय त्या जाळीत केस अडकलेत. तू न्हाणीघरात आहेस… आक्काच्या न्हाणीघरात आहेस."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. गेले पाच दिवस ते त्यांच्या घशात बसलं होतं.

आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून दुसऱ्या गावी तीन खोल्यांत एकटी राहते आणि दर फोनला धाकटीला म्हणते, ये माझ्याकडे, दोघी मिळून शिवणाचा क्लास काढू. ही सहलही दोघींनी जोडीनं केली होती. निदान सांगताना तसं सांगितलं होतं.

"नाही, तू आधी माझं ऐक. तू परदेशी गेलेलीच नाहीस. तू आक्काकडे आहेस… पुरावा? देतो की पुरावा. बुधवारी माझ्या पँटची शिवण उसवली. म्हटलं चार टाके आपणच घालू. मशीन उघडलं, तर बॉबिन-केस नाही, खालच्या दोऱ्याची ती डबी… खण पाहिला, दोऱ्यांचा डबा पाहिला, मशीनखाली टॉर्च मारून पाहिलं. नाही. आता मला सांग, धबधबा बघायला जाताना कुणी बॉबिन-केस नेतं?… आक्काच्या मशीनची बॉबिन-केस गेल्या वर्षी हरवली, हे तूच सांगितलंस मला. मी लक्षात ठेवलंय… ठेवतो मी लक्षात कधीकधी. दुलई पण नेलीस. दोन्ही चष्मे नेलेस. उशी नेलीस. आठवड्याभरासाठी उशी?… मान अवघडते, हो, माहीत आहे. विषय मानेचा नाहीये. मला एवढंच सांग, रविवारी घरी येणार आहेस की नाही?… सरळ सांग. हो किंवा नाही… अगं—"

दाराची घंटा वाजली.

"थांब. ठेवू नकोस. कुणीतरी आलंय. ठेवू नकोस हं, मी आलोच."

दारात समोरच्या बिऱ्हाडातली टायपिस्ट उभी होती, हातात त्यांची परत करायची वाटी. वाटी हे निमित्त. धबधब्याचा फोटो तिच्याकडेही आला होता आणि तिनं तो कचेरीत सतरा जणांना दाखवला होता. कानसेनांनी फोन छातीशी धरला. पण धंद्याची गोष्ट घरी कुणाला शिकवावी लागत नाही. छातीतूनही आवाज जातो, हे त्यांच्या बायकोला पक्कं माहीत होतं, आणि ती ऐकत होती.

"या या… हो, तिचाच फोन. धबधब्यावरूनच… आवाज? आवाजाचं काय विचारता! कान फुटायची वेळ. मी इथे खुर्चीत आणि माझे पाय ओले झाल्यासारखे वाटतायत… हो, वीस मजले… नाही, नजर पुरत नाही म्हणते… बटण? कसलं बटण?… ते होय! ते दिव्याचं आहे. संध्याकाळी रंगीत दिवे सोडतात… हो ना, परदेश आहे, काहीही करतात… सांगतो, सांगतो. ठेवा वाटी तिथेच."

दार लागलं. कानसेनांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"हां, बोल. कुठे होतो आपण?… ती होती समोरची. तुला विचारलंय… मग काय सांगणार होतो तिला? माझी बायको न्हाणीघरातून धबधबा दाखवतेय म्हणून?… हॅलो?… रडतेयस?… नाही, सर्दी नाही ती. सर्दीचं नाक वेगळं वाजतं… बरं, रड. मी आहे… काय?… पाणीच नाही?… कशाला पाणी नाही?… धबधब्याला?… धबधब्याला पाणी नाही म्हणजे? धबधबा म्हणजेच पाणी ना?… बंद आहे. कुणी बंद केला?… अगं, दुकान बंद असतं, लिफ्ट बंद असते. धबधबा कसा बंद असेल?… हळू बोल. पहिल्यापासून सांग. तू कुठे आहेस ते आधी सांग… हॉटेलात. हॉटेलच्या न्हाणीघरात. आक्का?… ती लॉबीत बसलीय, विणतेय… म्हणजे तू खरंच गेली आहेस? परदेशी?… विमानानं?… बरं. बरं, बरं."

कानसेन खुर्चीत बसले. पाच दिवसांनी त्यांना जाणवलं की पाठीला टेकायला या खुर्चीत जागा आहे.

"मग?… बसनं नेलं. किती जण?… चाळीस. आणि दारातच रेनकोट वाटले… पाणी नव्हतं तरी?… तिकिटात धरलेले असतात म्हणून. आणि तुम्ही घातले?… चाळीस माणसं रेनकोट घालून, कडक उन्हात, कोरड्या कड्यासमोर… हसत नाहीये. ठसका लागला… अगं खरंच ठसका लागला, पाणी पितो… हां. मग गाइड काय म्हणाला?… 'इथून पाणी पडतं असं समजा'?… आणि खाली हात दाखवून, 'इथे तुषार उडतात असं समजा'?… कुणी काही बोललं नाही?… एका म्हाताऱ्यानं छत्री उघडली? कशाला?… समजून घेतलं त्यानं. शहाणा माणूस… नाही, नाही, हसत नाही. हसलो एकदा. एकदाच… आणि फोटो?… लॉबीतली भिंत. पूर्ण भिंतभर धबधब्याचा कागद चिकटवलाय आणि त्यात दिव्यांची बटणं. आक्काला दिसली नाहीत?… तिचा चष्मा विणकामाचा. बरोबर… पण मला का नाही सांगितलंस?… मी काय म्हणणार होतो?… 'मी म्हटलं नव्हतं?'… हो. म्हटलं असतं मी. अगदी हेच म्हटलं असतं… अगं, पण धबधबा बंद ठेवलाय कशासाठी? काही कारण?… दुरुस्ती. कसली दुरुस्ती?… काय?… पुन्हा सांग… गळती?"

या शब्दावर कानसेन उभे राहिले. त्यांना कुणी गाढ झोपेत 'गळती' म्हटलं असतं तरी ते उभे राहिले असते.

"कुठे गळतंय?… वरच्या कालव्याला. तो पाणी आणतो कड्यापर्यंत. दगडी आहे की सिमेंटचा?… दगडी! किती लांब?… आणि सापडत नाही? किती दिवस शोधतायत?… अकरा दिवस! अकरा दिवस एक गळती सापडत नाही? काय करतायत काय ते?… कालवा रिकामा करून आत उतरलेत? अगं, रिकामा करून कशी सापडेल? पाणी असेल तर ते बोलेल ना! रिकामा कालवा म्हणजे मुका कालवा. त्यांना सांग, आधी पाणी सोडा, अर्धंच सोडा, आणि मग बाहेरच्या अंगानं चाला. दर दहा पावलांवर कान लावा. यंत्र नको, यंत्राला वारा पण ऐकू येतो. साधी सळई घ्या… तिथला इंजिनियर तुमच्याच हॉटेलात उतरलाय? मग झालं की! त्याला सांग, दगडी बांधकामात गळती फुटते एकीकडे आणि दिसते चाळीस फूट पुढे, पाणी दगडाच्या पाठीमागून चालत जातं. म्हणजे ओल दिसते तिथे खणायचं नाही, ओलीच्या वर जायचं, वर… आमच्या त्या छापखान्यात काय झालं होतं? ओल तळघरात आणि भोक गच्चीजवळ. सहा महिने तळघर खणत होते. मी गेलो, जिन्यावर पाचव्या पायरीला सळई लावली… आवाज कसा असतो माहीत आहे? कढई तापत आली की तेल बोलतं ना, तसा. बारीक. तो सापडला की तिथून… तू लिहून घेतेयस ना?… हॅलो?… लिहून घेतेयस?… हॅलो?"

पलीकडे काही नव्हतं.

"हॅलो? आहेस ना?… श्वास ऐकू येतोय तुझा. बोल की… शॉवर बंद केलास?… केव्हा?… केव्हाचा बंद केलास?"

एका वॉशरसाठी तीन मजले ओलांडणारा तो उजवा कान. त्याच्यापासून अर्ध्या बोटावर एक अख्खा शॉवर बंद झाला होता आणि त्याला कळलं नव्हतं. कानसेन हळूच खाली बसले.

"काय म्हणालीस?… तू शेवटचं काय बोललीस? सांगतो ना. तू म्हणालीस… कालवा दगडी आहे. इंजिनियर तुमच्याच हॉटेलात… त्याच्यानंतर?… त्याच्यानंतर तू म्हणालीस…"

"…"

"नाही ऐकलं. मी बोलत होतो."

"…"

"दोनदा म्हणालीस?… पुन्हा म्हण. एकदाच… रविवारचं होतं का? मी विचारलं होतं त्याचं उत्तर?… म्हण ना पुन्हा… बरं, नको. मी सांगतो. बॉबिन-केस तुझ्याकडेच आहे. परतताना तू आक्काकडे उतरणार… बरोबर आहे ना?… किती दिवस?… ठरवलं नाही… म्हणजे क्लासचं खरं आहे?… आक्कानं पाटी पण रंगवायला दिली?… हं."

संशय खरा निघाला की माणसाला एक प्रकारचं समाधान मिळतं म्हणतात. कानसेनांना मिळालं नाही. त्यांनी टेबलावरची टायपिस्टनं आणलेली वाटी उचलली, उलटी केली, पुन्हा सरळ ठेवली.

"पण का?… नाही, विचारतोय. उत्तर ऐकायला विचारतोय… मी एक शब्द बोलणार नाही. सांग."

"हं."

"हं… शाळेच्या पुस्तकातलं चित्र? कितवीच्या?… बरं, नाही विचारत. सांग."

"हं… ते पान फाडून ठेवलं होतंस?… मला कधी दाखवलं नाहीस… दाखवलंस. लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी काय म्हणालो?… कागदाला ओल लागलीय म्हणालो. हं."

"हं… हो. पासपोर्ट दोघांचे तूच काढलेस. व्हिसाही… हो, फोटोला मी तोंड वाकडं केलं होतं… हो. आठ दिवस राहिले असताना. मी नाही येत म्हणालो… कामाचं कारण दिलं. हॉस्पिटलच्या पाइपलाइनचं… ते आठवतंय. ते मी शेजारच्यांसमोर म्हणालो… काय, अगदी ते शब्द?… 'धबधबाच बघायचाय ना? मग नळ सोड आणि बघत बस'… हो. म्हणालो. लोक हसले म्हणून पुन्हा एकदा म्हणालो."

"…"

"आणि तू आत्ता तेच करत बसली होतीस… नळ सोडून… हं… नाही, ऐकतोय. ऐकू येतंय मला."

बराच वेळ कानसेनांकडून नुसते हुंकार आले. खिडकीतून कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिटी आली, खालून कुणीतरी लिफ्टचं दार लावा म्हणून ओरडलं, चौथ्या मजल्यावर एक नळ ठिबकत होता. यातलं काहीही त्या दिवशी त्यांच्या कानात शिरलं नाही. तिथे गर्दी होती.

"संपलं?… नाही, घाई नाही. संपलं का विचारतोय, कारण मलाही एक सांगायचंय… अगं ऐक ना. हॉस्पिटलचं काम नव्हतं… नव्हतंच. त्या पाइपलाइनसाठी कुणी बोलावलंच नव्हतं मला… मग काय! सांगतो तर… हसू नकोस. विमानात म्हणे कान बसतात… बसतात म्हणजे बंद होतात, दडे बसतात. आपला तो घड्याळवाला, तो गेला होता ना लेकीकडे. त्याचा एक कान बसला तो चार महिने उघडला नाही. मी म्हटलं, माझा उजवा बसला तर?… डॉक्टरला नाही विचारलं. डॉक्टर हो म्हणाला असता तर काय करणार होतो?… अगं, माझ्याकडे दुसरं आहे काय? सळई कुणीही विकत आणेल. कान गेला तर मला चार जिने चढवून वर कोण बोलावणार? कानसेन म्हणून ज्याला ओळखतात, त्यानं उद्या काय म्हणून हाक ऐकायची, आणि ऐकायची कशानं?… हो. म्हणून त्यापेक्षा धबधब्यालाच नावं ठेवली. ते सोपं होतं… तुला सांगायला हवं होतं. हो. हवं होतं… हसतेयस?… नाही, हस. चांगलं वाजतंय. हस."

ती हसत होती. पाच दिवसांत घरात आलेला तो पहिला चांगला आवाज.

"काय? गोळी?… कसली गोळी? औषधाची?… साधी, चघळायची? आंबटगोड?… एवढंच? विमान वर जाताना चघळायची, खाली येताना चघळायची… आणि आक्कानंही चघळली?… तिचे कान उघडले? दोन्ही?… लगेच? अगं, मग घड्याळवाल्याला कुणी गोळी दिली नव्हती का?… जांभई दिली तरी चालते? काय सांगतेस! जांभई मी केव्हाही देतो… हो, तू बोलत असतानासुद्धा देतो. मान्य."

पुढचा प्रश्न त्यांनी दोनदा तोंडापर्यंत आणला आणि दोनदा गिळला.

"पाणी कधी सोडणार आहेत म्हणाले?… गुरुवारी? आज शुक्रवार. आणि तुमची बस उद्याच निघतेय… सगळे परत?… आक्का पण… आणि तू?… राहायचंय? एकटी?… पाणी आल्याशिवाय हलणार नाहीस… कोरडा कडा बघून घरी यायचं नाही. हं. बरोबर आहे… नाही, विरोध नाही करत. बरोबर आहे म्हणतोय… मग तिथून आक्काकडे?… ते नंतर बघू म्हणतेस. बरं… अगं ऐक ना. माझा पासपोर्ट कपाटात वरच्या खणात आहे. व्हिसा अजून चालतोय. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत… परवा पाहिला. उगीच पाहिला… हो, कपाट मी उघडलं होतं, तू आणखी काय काय नेलंस ते बघायला. तेव्हा दिसला. तो हातात धरून बसलो होतो जरा वेळ… काय? बॅटरी? किती उरलीय?… एक? एक टक्का? आणि आत्ता सांगतेस?… चार्जर आक्काकडे? बोलव तिला, हाक मार… नको, थांब, जाऊ नकोस! आधी एवढंच सांग. इंजिनियरसाठी नाही. गळतीसाठी नाही. मी सळई घरीच ठेवीन. गुरुवारी तू तिथे उभी राहशील तेव्हा शेजारी… मी येऊ?"

"…"

"हॅलो?… अगं मी विचारलं, मी येऊ का?… हॅलो?… हॅलो?"

फोन मेला होता. पण त्याआधी एक अक्षर आलं होतं. एकच.

'ये.'

कानसेनांनी फोन टेबलावर ठेवला. 'ये'पासून काय काय सुरू होतं? येऊ नका. येते मी रविवारी. येणार नाही म्हणून किती वेळा सांगू. येईन तेव्हा बघू. एका अक्षरात चार गावांचे रस्ते, आणि बॅटरीनं मध्येच तोडलेलं.

तोडलेलं?

त्यांनी डोळे मिटले आणि ते अक्षर कानात पुन्हा लावलं. मागे नळी फुटली तरी नळाचं पाणी थांबतं आणि नळ बंद केला तरी पाणी थांबतं. वरवर एकच. पण फुटलेल्या नळीत शेवटी फट्‌ करून हवा शिरते. हातानं बंद केलेल्या नळात शेवटी आवाज निमुळता होतो, एक थेंब पडतो आणि मग शांतता. हे जगात ज्या दोन-चार माणसांना कळतं, त्यांतले एक त्या खुर्चीत बसले होते.

'ये' निमुळता झाला होता. त्याच्यामागे ओठ मिटल्याचा बारीकसा आवाज होता, नाकातून सोडलेला एक श्वास होता, आणि मग, त्यानंतर, फोन मेला होता. म्हणजे शब्द तुटला नव्हता. तो एवढाच होता. तो पूर्ण होता.

एकतीस वर्षं ती त्यांना अहो म्हणत आली होती. एरवी त्यांना बोलवायचं असलं की ती 'या' म्हणायची. भाजी आणा, दार लावा, जेवायला या. भांडणात या, तापात या, माहेरच्यांसमोर तर दोनदा या. आणि आता बॅटरीच्या शेवटच्या टक्क्यात तिनं सगळा मानमरातब बाजूला ठेवून एका अक्षरात काम भागवलं होतं.

कानसेनांनी तो मेलेला फोन पुन्हा उचलला, उजव्या कानाला लावला, आणि शेजारच्या खोलीतून हाक आल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाले,

"आलो, आलो!"